निळीचं पाणी

१

शेडचं दार सरकवलं की थोरली सगळ्यात आधी बोटीच्या पोटात हात घालायची आणि मग चहाचं आधण ठेवायची. धाकटीचं म्हणणं, हा क्रम उलटा पाहिजे, निदान मध्ये हात तरी धुवावेत. थोरलीचं म्हणणं, चहा थांबतो, पाणी थांबत नाही. बोटीत पाणी येतंय म्हणजे कुठून तरी येतंय, आणि येतंय ते वाढणार. एवढ्या एका गोष्टीवर तिनं उभा जन्म काढला होता. चौथीनंतर शाळेनं तिला सोडलं की तिनं शाळेला, यावर घरात एकमत नव्हतं. पण तिच्या हातून गळकी बोट कधी परत गेली नाही, यावर अख्ख्या धक्क्याचं एकमत होतं.

ही बोट मात्र कुणा गिऱ्हाइकाची नव्हती. धक्क्याच्या कोपऱ्यात ती कितीतरी वर्षं उपडी पडली होती, कुत्री तिच्या सावलीत झोपायची. क्रेनवाल्यानं, ज्याला उंच मानेमुळे सगळे जिराफ म्हणत, ती उचलून बहिणींच्या शेडमध्ये आणून ठेवली आणि म्हणाला, घ्या, तुमच्या पदरात घातली. दोघींनी तिला घासलं, तिच्या भेगा भरल्या, पिवळं धमक रंगवलं. धाकटीनं जुन्या पडद्यांच्या उशा शिवल्या. हे सगळं कशासाठी, तर शेडच्या दारात चाकांच्या खुर्चीत बसलेल्या आईसाठी.

पाय चालत होते तेव्हा आई एका जागी कधी दिसायची नाही. स्वयंपाक करताना नाचायची, अंगण झाडताना नाचायची, पावसाच्या डबक्यात मुलींच्या आधी तीच उतरायची. जिन्यावरून पडली, पाय गेले, आणि पायांबरोबर तिचं हसूही कुठंतरी गेलं. तेव्हापासून तिनं मागणं असं एकच मागितलं होतं: मला एकदा पाण्यावर न्या. तर येत्या रविवारी न्यायचं ठरलं होतं. थोरलीची अट एकच. बोटीत थेंब दिसता कामा नये. तुझं माझं ठीक आहे, ती धाकटीला म्हणाली, आपण उडी मारू. आईला उठता येत नाही.

या जातीच्या बोटीचं इंजिन आत असतं आणि पंखा बाहेर, पाण्यात. दोघांच्या मध्ये बोटीची मागची भिंत. त्या भिंतीला मांडीएवढं भोक पाडून दांडा बाहेर काढलेला असतो, आणि बाहेरचं सगळं लटांबर पंख्यासकट डावी-उजवीकडे वळतं. दोघी त्याला शेपूट म्हणत. आता भिंतीला भोक आहे म्हटल्यावर समुद्र आत येणारच. तो येऊ नये म्हणून भोकावर घड्याघड्यांची रबरी नळी चढवतात, लोहाराच्या भात्यासारखी. म्हणून तिचं नाव भाता. शेपूट वळलं की भाताही वळतो, आणि वळून वळून घडीत चिरतो.

या बोटीचा भाता चिरलेलाच होता. त्यांनी चेनपुलीनं शेपूट उतरवलं, जुना भाता फाडून काढला, आतलं बेअरिंग बोटानं फिरवून पाहिलं तर ते खरखरलं, म्हणून तेही बदललं. नवा भाता डिंक लावून, पट्टे आवळून बसवला. मग जिराफानं बोट पट्ट्यांत लटकवून पाण्यात टेकवली आणि थोरलीनं आपली पावडर काढली.

ही तिची रीत. बोटीचं पोट फडक्यानं ठणठणीत कोरडं करायचं आणि अंगाला लावायच्या पावडरचा डबा त्यात उपडा करायचा. कुठूनही थेंब आला की पावडरीत रेघ ओढत जातो. रेघ धरून मागं मागं गेलं की भोक सापडतं. दुकानदारीण म्हणायची, डब्यामागून डबे नेता बाई, पण कधी लावलेली काही दिसत नाही.

चहा झाला, दुसरा चहा झाला, पावडर जशीच्या तशी. रेघ नाही. धाकटीनं बोटीतूनच आईला हात केला आणि आईनं टाळ्या वाजवल्या. बोट परत गाडीवर चढली, शेडमध्ये आली, दाराला कुलूप लागलं.

सकाळी थोरलीनं बोटीच्या पोटात हात घातला तर मनगटापर्यंत पाणी.

बोट जमिनीवर होती. समुद्र रस्त्यापलीकडे होता. आणि पाणी कोमट होतं.

२

पाण्याची चव घेतल्याशिवाय थोरली कुठल्याच पाण्याला नाव देत नसे. खारट म्हणजे समुद्र. तेलकट म्हणजे शेपटाच्या आतलं तेल फुटलं. तिनं बोट ओलं करून जिभेला लावलं. गोडं पाणी, नळाच्या पाण्यासारखं, आंघोळीला काढावं तितकं कोमट.

धाकटीनं लगेच निदान केलं की कुणीतरी बोटीत आंघोळ केली. थोरलीनं तिला फडकं फेकून मारलं.

भुतांचा विचार करायची थोरलीला सवय नव्हती. बोटीच्या फळ्यांखालच्या पोकळीत फोम भरलेला असतो, तो स्पंजासारखं पाणी पितो आणि नंतर हळूहळू सोडतो, हे तिनं कैकदा पाहिलं होतं. बोट इतकी वर्षं पावसात पडली होती, तेव्हा पाणी गोडं असणारच. कोमट का, तर शेडचा पत्रा तापतो. झालं. तिनं फळीत भोक पाडून फोमचा तुकडा काढला. तुकडा वाळक्या पानासारखा कोरडा. बोटांत चुरला.

मग ती स्क्रूड्रायव्हरची मूठ घेऊन बोटीच्या पोटात उतरली. लाकूड पाणी प्यालं असलं की ठोकल्यावर भद वाजतं, कोरडं असलं की ठक्क. ती ठोकत ठोकत मागे गेली. ठक्क, ठक्क, सगळं खणखणीत. इंजिनाच्या मागे, भात्याशेजारी, जिथं वाकून जेमतेम हात जातो, तिथं तिनं ठोकलं. ठक्क. आणि जरा थांबून, पलीकडून, ठक ठक. ठक.

दोन आणि एक. आई मुलींना हाक मारायची ती अशी. चमचा वाटीवर, दोन आणि एक.

थोरली धडपडत वर आली. बूट शिडीत अडकला तरी आली. काय हवं, असं विचारायला गेली तर आई खुर्चीत झोपलेली, दोन्ही हात शालीच्या आत. वाटी कुठं दिसत नव्हती.

पण झोपेत आई हसत होती. तोंडावरचं हसू नव्हे, पोटातून, अंग हलेल असं. थोरली चहा करायचा विसरून तिथंच उभी राहिली. तिनं ते हसू इतक्या वर्षांत ऐकलं नव्हतं, त्यामुळे ठक ठकचं काय झालं हे तिच्या डोक्यातून गेलंच.

३

आता उलटा उपाय. पाणी आत कुठून येतं ते सापडत नसेल तर आत पाणी भरायचं आणि बाहेर कुठून येतं ते बघायचं. साधं पाणी दिसत नाही म्हणून त्यात कपड्यांना घालायची नीळ कालवायची. थोरलीनं नीळ सढळ हातानं घातली. बोटीच्या पोटात दौत सांडल्यागत गडद निळं पाणी डुचमळू लागलं. खाली दोघींनी जुने कागद अंथरले, भात्याखाली, बुडाच्या बुचाखाली, इंजिन थंड करणाऱ्या पाण्याच्या नळीखाली. ठिपका पडला की पकडला.

तोवर काम नाही म्हणून धाकटीची जीभ सुटली. तिचं आवडतं गिऱ्हाईक म्हणजे थोरलीचे गमबूट. तरुणपणी एका बोटीचा पंखा थोरलीच्या पायावर पडला होता आणि उजव्या अंगठ्याशेजारचं बोट अर्धं गेलं होतं. तेव्हापासून तिचा पाय बुटाबाहेर कुणी पाहिला नव्हता. घरात बूट, बाजारात बूट. आंघोळीचं दार लावून मगच ती ते काढी, आणि मोजे घालून बाहेर येई. धाकटीच्या मते थोरलीला मागणी घालायला माणसं येत होती, पण बूट बघून परत जात होती. थोरलीच्या मते ती माणसं धाकटीला बघून परत जात होती.

"एकदा अनवाणी चालून दाखव ग," आई खुर्चीतून म्हणाली. "माझे तर गेले. तुझे आहेत आणि तू कोंडून घातलेस."

थोरली उठून कागद बघायला गेली.

कागद कोरे होते. संध्याकाळीही कोरेच. पण बोटीत वाकून पाहिलं तर पाणी चांगलं वीतभर उतरलं होतं. फळ्यांवर निळी रेघ उमटली होती तिथून खाली. आटलं म्हणावं तर एवढं आटत नाही. सांडलं म्हणावं तर कागद कोरे. धाकटी म्हणाली, आता काय ते प्यायला कुणी आलं होतं का. आणि या वेळी तिला फडकं कुणी मारलं नाही.

शेड आणि घर यांच्यामध्ये एकच दार. थोरलीनं ते लावलं आणि किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात अडकवली.

४

सकाळी आईला कपडे घालता घालता धाकटीनं थोरलीला हाक मारली. ओरडून नाही, हळूच, आणि म्हणूनच थोरली हातातलं टाकून धावली.

आईच्या पायांचे तळवे निळे होते. दोन्ही. घोट्यापर्यंत नितळ निळे, आणि वर एक सरळ रेघ, डबक्यात उतरलेल्या पोराच्या पायाला असते तशी. बोटांच्या बेचक्यांतही नीळ होती.

थोरलीनं चादर बघितली, खुर्चीची चाकं बघितली, फरशी बघितली. सगळं स्वच्छ. दाराचं कुलूप जागेवर, किल्ली गळ्यात. मग तिनं धाकटीकडे बघितलं, आणि धाकटी भडकलीच. अशी चेष्टा मी आईच्या पायांची करीन का, मला काय समजलीस. दोघी तिथंच जुंपल्या, लहानपणीचं कंगव्याचं भांडण निघालं, कुणी कुणाची बाहुली तोडली तेही निघालं.

"गार नव्हतं," आई मध्येच म्हणाली. "मला वाटलं गार असेल. पण बरं होतं."



धाकटीनं विचारलं, काय बरं होतं. आईला आठवेना. स्वप्न असेल, ती म्हणाली, आणि आज अंडं खाईन म्हणाली, आणि कालच्या उरल्या पावाबरोबर दोन खाल्ली. आंघोळीच्या वेळी गुणगुणत होती. साबणानं नीळ निघून गेली तरी गुणगुणणं राहिलं. धाकटी भांडी घासता घासता रडली आणि थोरलीला म्हणाली की कांदा चिरत होते. कांदा घरात नव्हता.

दुपारपर्यंत थोरलीनं कारण लावलं. निळीचा हात तिनं स्वतःच आईच्या टॉवेलाला पुसला असणार, टॉवेल ओला राहिला, त्यावर आईचे पाय ठेवले गेले. सरळ रेघेचं काय, हे तिनं स्वतःला विचारलं नाही. उरलेलं निळं पाणी बुडाचं बूच काढून सोडून दिलं, पोट पुसलं, आणि पावडरचा नवा डबा आणायला गेली.

५

रविवार एका दिवसावर आला होता. सकाळी उठल्या उठल्या थोरलीनं पावडर पसरली, हाताचा ठसासुद्धा राहू दिला नाही, बोटीवर ताडपत्री घातली, शेडला कुलूप लावलं, आणि तिघी घरात बसून उशांना झालर लावू लागल्या. आईनं झालर वाकडी लावली आणि धाकटीवर ढकललं. जेवून हात धुऊन थोरलीनं शेड उघडली, ताडपत्री काढली आणि टॉर्च मारला.

पावडरीत पावलं होती.

ओली, अनवाणी, नीट उमटलेली. शिडीवरून आलेली नव्हती. इंजिनाच्या मागून, त्या भिंतीपासून सुरू होत होती, आणि पुढं आल्यावर चालणं विसरून गोल फिरली होती. टाच रोवून गिरकी घेतल्यावर माती जशी वळते तशी पावडर वळली होती. डाव्या पावलाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली. आईचं हे पाऊल थोरली रोज आपल्या हातानं मोज्यात घालत होती.

आईचं वजन त्या पावलांत नव्हतं. पावडर खोल दबलीच नव्हती. कुणीतरी अगदी हलकं, अगदी मजेत नाचून गेलं होतं.

हे एवढंच असतं तर थोरली कदाचित बाहेर जाऊन धाकटीला घेऊन आली असती. पण आईच्या पावलांसमोर, जोडीला जोडी लावून, दुसरी पावलं होती. मोठी, रुंद. आई मागे सरकली की ही पुढे, ही मागे सरकली की आई पुढे. थोरलीनं टॉर्च खाली नेला. उजव्या पावलाला अंगठ्याशेजारी नुसताच टिकलीएवढा ठसा होता. अर्ध्या बोटाचा.

तिच्या बुटातल्या पायांना घाम सुटला. पाय बुटात आहेत हे तिनं आतून बोटं हलवून तपासलं. अर्धंही हललं.

मग तिनं फडकं घेतलं आणि ती सगळी पावलं पुसून काढली, भराभर, कोपऱ्यापर्यंत. आईची खुर्ची दारातल्या उन्हात लावता लावता धाकटीनं विचारलं काय करतेस, तेव्हा ती म्हणाली, पावडर जास्त झाली.

६

पुसता पुसता ती इंजिनाच्या मागे पोचली होती. पोटावर पडून तिनं हात आत घातला, भात्याच्या कडेनं, जिथून ठक ठक आलं होतं तिथं. भिंत चाचपली. आणि तिचं बोट एका भोकात गेलं.

गोल, अंगठ्याएवढं, कडेला गुळगुळीत. चिरून पडलेलं नाही, ड्रिलनं पाडलेलंही नाही. ड्रिलचं भोक बोटाला कातरतं, हे मऊ होतं. त्याच्या बाहेरच्या अंगाला शेपटाशेजारची पिवळी भिंत होती, तिनं स्वतःच्या हातानं रंगवलेली, आणि तिथं भोक नव्हतं हे ती डोळे मिटून सांगू शकत होती. आतून पाणी वाहत नव्हतं. नुसतं कोमट वाटत होतं, झोपलेल्या माणसाच्या नाकापुढं हात धरल्यावर वाटतं तसं.

खिशात रबराचं बूच होतं. तिच्या खिशात कायम असायचं. बसवलं की काम संपलं.

आधी तिनं सवयीनं अंगठा लावला. भोक खरंच तेच आहे का, हे बूच बसवण्याआधी बघायचंच असतं. आणि पडल्या पडल्या तिची नजर इंजिनाच्या झाकणाच्या फटीतून बाहेर गेली. दारात ऊन होतं, उन्हात खुर्ची होती, खुर्चीत आई डुलकी घेत होती. शालीच्या टोकाखाली आईचे पाय. जे पाय सुई टोचली तरी हलत नसत ते नुकतेच थांबल्यासारखे अर्धवट उचललेले होते. आणि आईच्या तोंडावरचं हसू बघता बघता मावळलं.

थोरलीनं अंगठा काढला. शालीखाली पाय हलले. टाच, चवडा, टाच. आई हसली.

अंगठा लावला. पाय थांबले.

योगायोग असेल. यंत्राला एकदा विचारून चालत नाही. तिनं पुन्हा काढला, पुन्हा लावला. आईचा चेहरा उजळला, विझला, उजळला. शेडमध्ये दुपारचं ऊन पडलं होतं, बाहेर जिराफ कुणाला तरी शिव्या घालत क्रेन मागे घेत होता, धाकटी झालर उसवत होती. सगळं जग जागच्या जागी होतं आणि थोरलीच्या अंगठ्याखाली तिची आई होती.

शेवटी ती अंगठा काढायला गेली तेव्हा पलीकडून त्याला काहीतरी लागलं. हळूच, ओळखीनं, चिडवल्यासारखं. कोमट, ओलं. पायाचं बोट होतं. आखूड. टोकाला टाक्यांची गाठ.

थोरलीनं अंगठा तिथंच राहू दिला. त्या बोटानं एकदा दाबलं, मग ते गेलं, तेव्हा तिनं अंगठा काढला.

"ताई, सापडलं का ग?" धाकटीनं विचारलं.

"सापडलं."

"बंद केलंस?"

थोरलीनं दारातल्या खुर्चीकडे पाहिलं. पाय ताल धरून होते.

"केलं," ती म्हणाली, आणि बूच खिशात तसंच राहिलं.

७

रविवारची सकाळ अशी उजाडली की समुद्रावर सुरकुती नव्हती. जिराफ नवा शर्ट घालून आला आणि आईला खुर्चीसकट उचलणार होता, पण आई म्हणाली मला सामान समजतोस का, तेव्हा त्यानं तिला नवरीसारखं हातांवर घेतलं आणि बोटीत पडद्यांच्या उशांवर ठेवलं. आईला फुगवायचं जाकीट बांधलं. आपलं जाकीट थोरलीनं दोनदा तपासलं, आईचं चारदा. पोटात हात घालून पाहिलं. कोरडं. तिनं सुटकेचा श्वास टाकला आणि त्याच श्वासाला थोडं वाईटही वाटलं.

सुकाणू धाकटीकडे. इंजिन पहिल्या झटक्याला लागलं, शेपूट लोण्यात फिरवल्यासारखं वळलं. धक्का मागे गेला, जिराफाचा हलणारा हात बारीक होत गेला. आई दोन्ही हात बाजूला पसरून बसली होती. वाऱ्यानं तिचे केस सुटले आणि तिनं ते बांधले नाहीत.

खाडीच्या तोंडापाशी धाकटीची चप्पल तिच्या पायाखालून निघाली आणि तरंगत आईकडे गेली.

धाकटीनं इंजिन बंद केलं. बोटीत घोटाभर पाणी होतं. तिनं हात बुडवला आणि थोरलीकडे पाहिलं.

"कोमट आहे," ती म्हणाली. "ताई, तू बंद केलं होतंस ना?"

"नाही."

"मला तर म्हणालीस केलं."

"म्हणाले."

धाकटी भांडली असती. तिचं तोंड उघडलंही होतं. पण हाताला वळण होतं म्हणून आधी ती कडेवरून वाकली आणि बुडावरची पिवळ्या-पांढऱ्या रंगाची रेघ बघितली. एवढं पाणी भरलं की बोट खाली बसते, रेघ बुडते. रेघ पाण्याच्या वर होती. बोट रिकामी असल्यासारखी तरंगत होती. पाणी चढलं की आपोआप लागणारा पंपसुद्धा सुरू झाला नव्हता. पाणी होतं आणि त्याला वजन नव्हतं. धाकटी सरळ झाली, तेव्हा तिच्या तोंडातलं भांडण कुठंतरी पडून गेलं होतं.

आईनं उशीवरून पाय खाली सोडले. स्वतः सोडले. पाण्यात टेकवले, बोटं पसरली, आणि चुळूक चुळूक करत पाणी उडवलं. धाकटीच्या परकरावर शिंतोडे गेले. आई खदखदून हसली आणि बघता बघता धाकटीही हसायला लागली, रडत रडत, डोळे पुसत, वेड लागल्यासारखी. थोरलीच्याही पोटात हसू उसळलं. भीती होती, तिथंच होती, पण तिच्या अंगावर चढून हसू बसलं होतं.

"थोरले," आई म्हणाली, "काढ आता ते बूट."

गमबूट गुडघ्यापर्यंत होते. पाणी घोट्यापर्यंत. आत थेंब जायला वाव नव्हता. थोरली कडेला बसली, उजवा बूट टाचेला धरून ओढला. सकाळी धाकटीनं दोरीवरून काढून दिलेला पांढरा मोजा, कडक वाळलेला.

तो आता ओला होता. तळापासून घोट्यापर्यंत निळा, वर सरळ रेघ.

इतके दिवस तिनं कागद अंथरले, भिंत ठोकली, भाता बदलला, आणि वीतभर निळं पाणी कुठं गेलं ते काही तिला सापडलं नव्हतं. तिनं मोजा काढून पिळला. निळी धार पायाशी पडली आणि पाण्यात विरली. अर्धं बोट उन्हात आलं. आईनं त्यावर आपली चढलेली करंगळी ठेवली आणि दोनदा दाबलं, मग एकदा.

थोरलीनं दुसरा बूट काढेपर्यंत आई उभी राहिली होती. कुणाचाही हात न धरता, केस मोकळे, जराशी पुढे झुकून, पहिलं पाऊल कुठलं टाकावं याचा विचार करत असल्यासारखी. तिनं हात पुढे केला. थोरलीनं तो धरला.

धाकटी सुकाणूला टेकून उभी होती. तिनं एक पाय पाण्यातून उचलला, वळवला आणि तळवा बघितला. मग दुसरा बघितला. दोन्ही स्वच्छ होते, निळीचा ठिपकाही नव्हता.

"आई," ती म्हणाली, लहानपणी खाऊ वाटताना म्हणायची त्या आवाजात, "माझे का नाहीत ग?"

आईनं गिरकी घेतली.

"होतील की," ती हसत म्हणाली. "तुला कसली घाई आहे?"